खांदे अर्धे करा

"बाई वाटत नाही."

एवढाच फीडबॅक. माझं चित्र भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लागलं, आमच्या सरांनी खुर्ची मागे ढकलली, हनुवटी खाजवली आणि हे शब्द टेबलावर टाकले. बाई वाटत नाही म्हणे!

मी म्हटलं, "सर, ती परग्रहावरची आहे."

"हो, पण परग्रहावरची बाईच ना?"

"तिचं रक्त निळं आहे. तिला कान नाहीत. मानेवरच्या फटींतून श्वास घेते ती. त्याबद्दल काही म्हणणं नाही तुमचं?"

"नाही, ते मस्त जमलंय," सर म्हणाले. "घोडं खांद्यांपाशी अडतंय."

ऐकलंत? कान नसलेले चालतात. निळी कातडी चालते. डोक्यावर हातभर तुरा चालतो. खांदे तेवढे रुंद चालत नाहीत! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण नोकरी पडली, म्हणून हातातला पेन जरा आपटून ठेवला आणि गप्प बसले.

आता आधी काय झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाच आकांडतांडव करतेय. आम्ही फोनवर खेळायचे गेम बनवतो. छोटंसं ऑफिस आहे. सर सगळ्या चित्रांचे मुख्य. एक गृहस्थ गेम खपवायचं बघतात, ते अंघोळीलाही टाय लावून जात असतील असा माझा संशय आहे, म्हणून मी मनात त्यांना टायच म्हणते. गोष्ट लिहायला एक लेखिका आहे. आणि माणसं, प्राणी, राक्षस, जे काही दोन किंवा जास्त पायांवर चालतं ते काढायला मी.

नवा गेम परग्रहावरचा. उघडला की पहिल्या पडद्यावर त्या ग्रहाची राखणदारीण उभी. लेखिकेनं तिच्याबद्दल झकास लिहिलं होतं. तिच्या ग्रहावर प्रत्येक वस्तूचं वजन इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. एक भांडं उचलायचं तरी जीव काढावा लागतो, म्हणून तिथली माणसं रुंद बांध्याची. आणि ही त्यांच्यातली सगळ्यांत थोर बाई. एका हातावर तिनं त्यांचा चंद्र तोलून धरलाय, तो पडला तर सगळं संपलं.

हे वाचलं आणि माझ्या मनात लख्ख झालं. अरे, हिला तर मी ओळखते! हिला मी रोज सकाळी दात घासताना आरशात बघते.

माझे खांदे असे आहेत की दारातून आत येताना मी सवयीनं जरा तिरकी होते. उंची आहे, मान जाड आहे, जबडा चौकोनी आहे आणि कंबर कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते मलाही माहीत नाही. शाळेत मला 'कपाट' म्हणायचे. "कपाट आलं, दार मोकळं करा!" बायकांच्या दुकानात कपडे घ्यायला गेले की तिथली मुलगी वरून खाली बघते आणि म्हणते, "पुरुषांचं पलीकडे आहे."

आणि घरी आई. आई माझ्या काखेपर्यंत येते. तिचं एकच पालुपद. कुणी कॅमेरा काढला रे काढला की ती माझ्या पाठीवर हात ठेवून पुटपुटायची, "खांदे पाड." मग मी खांदे पाडायचे, गुडघे वाकवायचे, मान आत ओढायचे. मामेबहिणीच्या लग्नाचा फोटो आहे, त्यात सगळ्या बहिणी पुढे बसल्यात आणि मला मागच्या रांगेत दोन काकांच्या मध्ये घातलंय, तेही गुडघ्यात वाकवून. आमच्या घरात माझा एकही फोटो असा नव्हता ज्यात मी सरळ उभी आहे. आईचा हेतू वाईट नव्हता हो. लोकांनी बोलू नये म्हणून ती आधीच बोलून मोकळी व्हायची.

तर राखणदारीण काढायला घेतली. आता खरा दंड, खरं वजन पेलताना कसा फुगतो, खांद्याचं हाड कसं वर येतं, ते मनानं काढलं तर खोटं दिसतं. त्यासाठी फोटो लागतो. मी दादाचा जुना बनियन चढवला, खाली अर्धी चड्डी, तुऱ्याच्या जागी डोक्याला टॉवेल गुंडाळला, आणि चंद्र म्हणून उजव्या तळहातावर एक भलंमोठं कलिंगड घेतलं. आईच्या हातात फोन दिला.

"अगंबाई, हे काय ध्यान!" आई म्हणाली.

"काढ लवकर, हात भरून येतोय."

"डोकं कापलं जातंय तुझं. जरा वाक."

"नाही वाकणार. ती वाकत नाही."

"कोण ती?"

"आई, हात दुखतोय गं! तू मागे सरक ना!"

आई मागे सरकली. तरी डोकं मावेना. आणखी सरकली, ओट्याला जाऊन टेकली, ओट्यावरचा डबा कलंडला, त्यावर माझ्यावर डाफरली, आणि शेवटी एकदाचा फोटो निघाला. कोपऱ्यात तिचा अंगठा आलाय. मागे आमचा फ्रिज आणि कपडे वाळत घातलेला स्टँड. पण मी सरळ उभी आहे. खांदे जिथे असायला हवेत तिथे आहेत. आईनं फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि "कलिंगड आता काप तरी," म्हणून आत गेली.

त्या फोटोवरून मी ती बाई काढली. सांगायला काय लाजायचं, माझं आजवरचं सगळ्यांत चांगलं काम होतं ते. कंबर नव्हती, नाजूक मान नव्हती, आणि तरी बघताक्षणी कळायचं की ही आई असेल, बहीण असेल, हिच्या जिवावर एक अख्खा ग्रह निवांत झोपत असेल. ती माझ्यावरून काढली आहे हे मी ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की असा बांधा पडद्यावर यावा आणि लोकांनी एकदा तरी, न विचारता, न हसता, त्याला बाई म्हणावं. माझं तोंड बघून नको. चित्र बघून म्हणावं.

आणि म्हणाले काय, तर बाई वाटत नाही.

सरांची फीडबॅक द्यायची एक पद्धत आहे. आमच्या कामात चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा असतात, त्यांना आम्ही लेअर म्हणतो. तळाच्या लेअरवर मी फोटो ठेवते, त्याच्यावरच्या लेअरवर आकाश रंगवते, त्याच्यावर ती बाई. प्रत्येक लेअरपुढे एक छोटा डोळा असतो. डोळा बंद केला की तो लेअर दिसेनासा होतो आणि खालचा दिसू लागतो. सर काय करतात, माझी फाईल उघडतात, सगळ्यांत वर एक नवा लेअर टाकतात आणि त्याच्यावर लाल रंगानं गिरबटतात. शाळेत वहीवर मारायचे तशाच रेघा.

पहिल्या बैठकीनंतर फाईल परत आली. उघडली तर सगळी लालेलाल. दोन्ही खांद्यांवर बाण, 'अर्धे करा'. मानेवर 'बारीक'. जबड्यावर 'पुरुषी'. दंडावर 'हे काय??' पोटापाशी 'कंबर कुठे आहे?' आणि छातीवर नुसतीच दोन प्रश्नचिन्हं, एकेका बाजूला एकेक. मी खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःचा दंड चाचपला. हे काय म्हणजे काय? दंड आहे! राग तर आलाच, पण रडूही आलं, खोटं कशाला बोलू. मग रडू आलं म्हणून आणखी राग आला.

पुढच्या बैठकीला मी काही न बदलता तशीच गेले. या वेळी टायही बोलायच्या मूडमध्ये होते.

"मुद्दा कसा आहे," टाय म्हणाले, "बघणाऱ्याला ती पहिल्या नजरेत आवडली पाहिजे."

"तिनं चंद्र उचललाय हो."

"उचलू दे ना. आमची कुठे ना आहे? पण नाजूकपणे उचलू दे."

"नाजूकपणे चंद्र कसा उचलतात, दाखवा बरं."

"हे बघ, तू मनावर घेऊ नकोस," टाय हसत म्हणाले. "पण खरं सांग, हिच्याशी लग्न कोण करेल?"

आणि हसले सगळे! सरही हसले. मी लेखिकेकडे बघितलं. ती कपात बघत होती, जशी काय तिची पुढची गोष्ट कपाच्या तळाशी लिहिलेली आहे.

"तुम्हीच लिहिलंय ना, रुंद बांध्याची म्हणून?" मी तिला सरळ विचारलं.

"हो, म्हणजे..." ती चाचरली. "रुंद म्हणजे तसं रुंद नाही. मनानं रुंद."

मनानं रुंद! मला हात जोडावेसे वाटले. बाई गं, मनाच्या रुंदीवर कलिंगडसुद्धा उचललं जात नाही, चंद्र कुठून उचलणार?

सरांनी मग हसू आवरलं आणि सरांसारखा चेहरा केला. "हे बघ, वाद पुरे. पुढच्या बैठकीला दुरुस्त करून आण. फाईल आहे तशी आण, सगळ्या लेअर्ससकट, काही राहिलंच तर मी इथेच करून टाकेन. आणि तुला जमत नसेल तर तसं सांग, हे चित्र दुसऱ्या कुणाला देऊ."

मूग गिळून बसणं मला जन्मात जमलं नाही, पण त्या दिवशी बसले. दुसऱ्या कुणाला म्हणजे दुसरा कुणीतरी माझ्या बाईला कापूनकोरून बाहुली करणार, आणि मी बघत बसणार. करायचंच असेल तर निदान माझ्या हातानं होऊ दे, असं वाटलं.

घरी आले तर आई कपड्यांच्या घड्या करत बसली होती.

"झालं का गं तुझं चित्र पास?"

"नाही. खांदे अर्धे करा म्हणतात. बाई वाटत नाही म्हणे."

 मला वाटलं आता ती म्हणेल, कोण म्हणतो, त्याचं नाव सांग, बघते त्याच्याकडे. माझी आई रिक्षावाल्याशी भांडते, दुकानदाराशी भांडते, शेजारीण जिन्यात केर सोडते म्हणून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. तर ती म्हणाली काय, "मग कर की थोडे बारीक. चित्रच तर आहे."

"चित्रच तर आहे?"

"तुला कुठे कुणी काही म्हणतंय?"

"आई, तो फोटो कुणाचा आहे?"

"ते त्यांना कुठे माहितेय?" आई म्हणाली. "कशाला वाकड्यात शिरतेस? थोडं त्यांच्या मनासारखं केलं तर काय बिघडतं?"

"खांदे पाड म्हण ना सरळ!" मी ओरडले. "तेवढंच राहिलंय म्हणायचं!"

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि कॉम्प्युटर उघडला. ठीक आहे. सगळ्यांनाच हवंय ना? घ्या!

आमच्याकडे एक ब्रश असतो, त्यानं रंग लागत नाही, नुसतं ढकललं जातं. ओल्या मातीला बोटानं रेटावं तसं. मी बाईच्या लेअरची वर एक नक्कल काढली, त्या नकलेतल्या डाव्या खांद्याच्या टोकावर तो ब्रश ठेवला आणि आत ढकलला. हाड आत गेलं. उजवा ढकलला. मान दोन्हीकडून दाबली. दंड चेपला. कंबरेला चिमटा काढला. जबडा तासला, पापण्या लावल्या, ओठ फुगवले. आणि ते सगळं होईस्तोवर, तुम्हाला हसू येईल, मी स्वतः खुर्चीत आक्रसत होते. पूर्ण झालं तेव्हा बघितलं तर माझी मान आत गेलेली आणि खांदे पडलेले. लग्नाच्या फोटोतल्यासारखे.

पडद्यावर एक देखणी निळी बाई तयार झाली होती. तिच्या हातावरचा चंद्र आता फुगा दिसत होता. मी तो लेअर 'दुरुस्त' नावानं ठेवला, तिच्याकडे पुन्हा बघितलंही नाही आणि मशीन बंद केलं. त्या संतापात मी एक गोष्ट विसरले. तळाचा फोटो. काम संपलं की तो लेअर आम्ही काढून टाकतो. मी तर त्या लेअरचं नावच 'काढून टाक' ठेवलं होतं, स्वतःला आठवण राहावी म्हणून. पण वर आकाश असलं की फोटो दिसत नाही, आणि दिसत नाही ते राहून जातं.

बैठकीला सगळे आले. सरांनी फाईल पडद्यावर घेतली. 'दुरुस्त' बाई भिंतभर उभी राहिली आणि टायनी खरोखर टाळी वाजवली.

"याला म्हणतात बाई!"

"बघा," सर खुशीत म्हणाले, "काय होतं आणि काय झालं ते दाखवतो. म्हणजे पुढच्या वेळी सगळ्यांच्याच लक्षात राहील." त्यांनी स्वतःच्या लाल खुणांचा लेअर सुरू केला, कुठे काय सांगितलं होतं ते कळावं म्हणून. मग 'दुरुस्त'चा डोळा बंद केला. खालून माझी बाई आली, रुंद, शांत, अंगभर लाल बाण घेऊन.  मी टेबलाखाली मुठी आवळल्या.

"बरं ते आकाश फार छान आहे हो," टाय म्हणाले. "ते एकटं दाखवा ना, जाहिरातीला वापरू."

सरांनी माझ्या बाईचा डोळा बंद केला. आकाश राहिलं.

"ते लाल पण घालवा."

"एक मिनिट," सर म्हणाले, आणि घाईत लालऐवजी आकाशाचा डोळा बंद केला.

पडद्यावर मी.

भिंतभर. दादाचा बनियन, अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल, हातावर कलिंगड. मागे फ्रिज. कोपऱ्यात आईचा अंगठा, तोही उशीएवढा.

टाय खोखो हसले. "अरे, हे ध्यान कुठून..." आणि मध्येच त्यांची दातखीळ बसली.

कारण लाल खुणा तशाच होत्या. मी फोटोवरच चित्र काढलं होतं, त्यामुळे एकेक बाण बिनचूक जागेवर. माझ्या खांद्यांवर 'अर्धे करा'. माझ्या मानेवर 'बारीक'. माझ्या जबड्यावर 'पुरुषी'. माझ्या दंडावर 'हे काय??' आणि बनियनवर ती दोन प्रश्नचिन्हं.

कुणी माझ्याकडे वळून बघेना. सर माऊस शोधत होते, आणि माऊस त्यांच्याच हातात होता.

मला आधी वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. टेबलाखाली शिरावं, पळावं, राजीनामा देऊन टाकावा. कान तापले. मान आपोआप आत जायला लागली. आणि ती आत जातेय हे मला कळलं, तेव्हा मात्र माझी सटकली. मी उठून उभी राहिले. पूर्ण, माझी जेवढी उंची आहे तेवढी.

"चुकून झालं, बंद करतो हं," सर म्हणाले.

"बंद करू नका."

"अगं, पण..."

"राहू द्या म्हणतेय ना! इतके दिवस बघताय, आता नीट बघा."

"हे बघ, आम्ही तुझ्याबद्दल बोलत नव्हतो," सर अजिजीनं म्हणाले.

"मग कुणाबद्दल बोलत होता? तिला तर फोन लावून विचारता येत नाही, ती दुसऱ्या ग्रहावर राहते!" मी टायकडे वळले. "वाचा. काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा."

"मी?"

"तुम्हीच. त्या दिवशी किती सुरेख मोठ्यानं बोलत होता. कोण लग्न करेल विचारत होता. विचारा की आता."

टायनी तोंड उघडलं. "अर्धे..." म्हणाले आणि टायची गाठ सैल करत बसले.

"सर, तुम्ही म्हणालात बाई वाटत नाही. मी तुमच्या समोर उभी आहे. आता तोंडावर सांगा. वाटते की नाही?"

"असं कसं बोलतेस," सर म्हणाले. "तुझं मूळचं चित्र ठेवू. जसंच्या तसं. झालं? विषय संपला."

"नाही संपला!" माझा आवाज बाहेरच्या खोलीत गेला असणार, कारण तिथलं टाइप करणं थांबलं. "तुम्हाला आत्ता लाज वाटली म्हणून ठेवताय. मला तुमची लाज नको आणि दया तर त्याहून नको. फोटो दिसला नसता तर तुम्ही टाळ्याच वाजवणार होता. ती बाई आहे असं वाटत असेल तर ठेवा, आणि तसं म्हणा. नसेल वाटत तर द्या दुसऱ्या कुणाला, मी चालले."

 मग लेखिकेनं कप बाजूला सरकवला.

"ती बाई आहे," ती म्हणाली. "मी लिहिली ती हीच आहे. मी मागच्या बैठकीतच म्हणायला हवं होतं."

"हो, हवंच होतं," मी म्हटलं. काय करू, तिच्यावरचाही राग उतरला नव्हता.

सरांनी आकाश सुरू केलं. माझी बाई सुरू केली. मग लाल लेअर निवडला आणि तो नुसता बंद न करता काढून टाकला. चित्राकडे नीट बघितलं. या वेळी हनुवटी खाजवली नाही.

"आहे," ते म्हणाले.

"काय आहे?"

"बाई आहे." मग दबकत, "फक्त तो तुरा... तुरा जरा डोक्यावर ठेवल्यासारखा वाटतो. तिथून उगवल्यासारखा नाही वाटत."

"तुऱ्याचं बोला," मी खाली बसत म्हटलं. "तुऱ्यावर मी भांडणार नाही. तो टॉवेल आहे."

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आई ओट्यापाशी मटार सोलत होती. त्या भांडणानंतर आमचं कामापुरतंच बोलणं चाललं होतं. मी शेजारी उभी राहून दोन दाणे तोंडात टाकले.

"पास झालं," मी म्हटलं.

"बारीक करून?"

"नाही. होते तसे. आणि तो फोटो बघितला सगळ्यांनी. चुकून लागला पडद्यावर."

आईच्या हातातली शेंग खाली पडली. "बनियनवरचा? सगळ्या ऑफिसासमोर? अगं, मागे स्टँडवर माझा गाऊन होता वाळत घातलेला!"

"तोही दिसला. भिंतीएवढा."

"देवा रे!" आईनं कपाळाला हात लावला. मग हळूच माझ्याकडे बघितलं. "हसले?"

"आधी हसले."

"मग तू काय केलंस? मान खाली घालून बसली असशील."

"उभी राहिले."

"सरळ?"

"सरळ."

आईनं पडलेली शेंग उचलली. त्याच ओट्याला ती त्या दिवशी फोन घेऊन टेकली होती.

"मग त्यांना मागे सरकावं लागलं असेल," ती म्हणाली, आणि पुन्हा सोलायला लागली.